आमची वाटचाल: इंजिन सगळ्यात शेवटी उघडायचं

बेळगावात दुचाकीचं वर्कशॉप चालवायचं म्हणजे तीन राज्यांची गिऱ्हाइकं सांभाळायची. केए-२२ च्या बरोबरीने चिकोडी-निपाणीची केए-२३, चंदगड-गडहिंग्लजची एमएच-०९ आणि चोर्ला घाट चढून आलेली गोव्याची गाडी एकाच रांगेत लागते. आम्ही साधं गॅरेज होतो तेव्हाही हे असंच होतं. पुढे डीलरशिप आली, शेड वाढली, पण खरा बदल झाला तो इंजिनातला दोष शोधण्याच्या पद्धतीत. वॉरंटीवरून होणारी बरीचशी वादावादी याच ठिकाणी सुरू होते, म्हणून इथे त्याबद्दलच लिहितो.

कार्ब्युरेटरच्या काळात कान, पाना आणि प्लगचा रंग एवढ्यावर काम भागायचं. प्लग काळा आणि कोरडा असेल तर पेट्रोल जास्त, काळा आणि तेलकट असेल तर तेल वर चढतंय, पांढरटलेला असेल तर पेट्रोल कमी. एअर स्क्रू फिरवला, स्लो जेट साफ केला की दहातल्या बऱ्याच गाड्या वाटेला लागायच्या. १ एप्रिल २०१७ ला प्रदूषणाच्या नियमांचा बीएस-४ टप्पा आला तरी बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटरच राहिला. खरी उलथापालथ १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ ने केली. जवळजवळ प्रत्येक गाडीत इंजेक्टर, पेट्रोलच्या टाकीत पंप, सायलेन्सरला ऑक्सिजन सेन्सर आणि सीटखाली ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आला. एप्रिल २०२३ पासून ओबीडी-२ चा (गाडीने स्वतःच बिघाड ओळखून नोंदवण्याचा) टप्पा लागू झाला. त्या वर्षांत आम्ही स्कॅनर, मल्टिमीटर, फ्युएल प्रेशर गेज, कॉम्प्रेशन गेज आणि बोअर गेज या पाच गोष्टींवर पैसे घातले. वॉशिंगचा नवा रॅम्प त्यापायी मागे पडला, ते बरंच झालं.

स्कॅनरबद्दल गिऱ्हाइकांचा आणि नव्या पोरांचाही एक गैरसमज असतो. स्कॅनर ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचतो; तो बिघडलेला पार्ट सांगत नाही, बिघडलेलं सर्किट सांगतो. पी०१२२ हा कोड आला म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरकडून व्होल्टेज कमी येतंय, इतकंच. सेन्सर खराब असेल, त्याला जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा तुटला असेल, सिग्नल वायर अर्थला टेकली असेल किंवा कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) लाल चिखलाचं पाणी गेलं असेल. म्हणून आधी कपलर उघडून पिना बघायच्या, मग चावी चालू ठेवून ५ व्होल्ट येतात का ते मोजायचं, मग थ्रॉटल हळूहळू उघडत सिग्नल वायरवरचं व्होल्टेज बघायचं. बंद थ्रॉटलला ते साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतं आणि न अडखळता वर चढत गेलं पाहिजे. मध्येच शून्यावर आपटलं तरच सेन्सर बदलायचा. हे न करता सेन्सर बदलून कंपनीकडे वॉरंटीचा क्लेम लावला, की जुना सेन्सर कंपनीत तपासला जातो, चांगला निघतो आणि रक्कम डीलरच्या खात्यातून परत वजा होते. गाडी तर त्याच तक्रारीने पुन्हा येतेच.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातल्या गाड्यांत पावसाळ्यात आणखी एक प्रकार ठरलेला. गाडी गोठ्याच्या कडेला उभी असते आणि उंदीर हार्नेस (वायरींचा जुडगा) कुरतडतात. इंजिन मध्येच बंद पडतं, कधी क्रँक पोझिशन सेन्सरचा पी०३३५ येतो, कधी काहीच येत नाही. सीट आणि टाकी काढून वायरचा प्रत्येक वळसा हाताने चाचपावा लागतो. दातांचे व्रण दिसले की तो विषय वॉरंटीत बसत नाही. गिऱ्हाईक समोर असतानाच टाकी काढावी आणि तुटलेली वायर त्याच्याच हातात द्यावी, पुढचं बोलणं सोपं जातं.

पेट्रोलचंही तसंच. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर धरतात. पंप नेमका तळातून ओढतो. गाडी सकाळी चालू होत नाही, झालीच तर मिसिंग मारते. टाकीच्या तळातलं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास न हलवता ठेवायचं. खाली थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवायची आणि पंपाचा फिल्टर बघायचा. थर नसेल तर प्रेशर मोजायचं. बऱ्याच दुचाकींत ते ३ बारच्या आसपास असतं, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरायचा.

आता इंजिनच्या आवाजाकडे. ‘टकटक करायलीय’ एवढंच जॉब कार्डावर लिहिलं तर ते कार्ड कुचकामी. थंड असताना की गरम झाल्यावर, आयडलला (थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना) की ओढताना, क्लच दाबल्यावर जातो का, हे तीन प्रश्न सर्व्हिस ॲडव्हायझरने विचारलेच पाहिजेत. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर हेडकडे (इंजिनच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाकडे) बघायचं कारण नाही. टॅपेट सेट करायचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधला गॅप जुळवायचा, तर इंजिन पूर्ण थंड हवं, मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) टी खूण जुळवायची आणि पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आहे याची दोन्ही रॉकर हलवून खात्री करायची. बऱ्याच १०० ते १२५ सीसी गाड्यांत इनलेटला ०.०८ आणि एक्झॉस्टला ०.१२ मिलिमीटरच्या आसपास गॅप असतो. आवाज घालवण्यासाठी गॅप कमी करणारे मेस्त्री आहेत. आवाज जातो, पण पुढे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. थोडी टिकटिक ऐकू आलेली परवडते.

टॅपेट बरोबर असूनही आयडलला खडखड राहिली तर कॅम चेनचा टेन्शनर काढून बघावा. अंगठ्याने दाबल्यावर त्याचा प्लंजर मागे सरकला तर त्याचं लॉक गेलेलं आहे. टेन्शनर बाहेर असताना किकला हात लावायचा नाही. चेन एक दात जरी सरकली तरी टायमिंग चुकतं आणि साध्या कामाचं मोठं काम होतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार धुराची. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते कुठून येतंय हे धूर कधी दिसतो त्यावर ठरतं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना एक झोत येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती तेल अडवणारं रबर). घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून, खाली आल्यावर पहिल्यांदा ओढताना धूर आला, तरी बोट सील आणि गाइडकडेच (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळीकडेच) जातं, कारण बंद थ्रॉटलच्या व्हॅक्यूमने तेल खेचलं जातं. दोघं बसून चढाला ओढताना सतत धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांकडे वळायचं. पण त्याआधी तेलाची पातळी. रस्त्यावर कुणीतरी अंदाजाने जास्त तेल ओतलेलं असतं, ते ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात येतं आणि तसाच धूर निघतो.

मग कॉम्प्रेशन गेज. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, आकडा स्थिर होईपर्यंत किक. रीडिंग कमी आलं तर प्लगच्या भोकातून ५ मिलिलिटर तेल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ती सिलिंडरची पोकळी), तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. काही इंजिनांत किक हलकी व्हावी म्हणून डीकॉम्प्रेशनची सोय असते, तिथे रीडिंग मुळातच कमी दिसतं. मॅन्युअल न बघता मापलं तर चांगलं इंजिन उघडलं जातं. खात्रीसाठी हवेची टेस्ट करतो. पिस्टन टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि ऐकायचं. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनलेट, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा.

इथपर्यंत इंजिनचा एकही बोल्ट ढिला झालेला नसतो. उघडायच्या आधी फोटो: मीटरवरचे किलोमीटर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, हेडच्या बोल्टवरची रंगाची खूण शाबूत आहे ती, आणि एअर फिल्टर दोन्ही बाजूंनी. फिल्टरच्या फोटोला आम्ही इतका मान का देतो ते आमच्या भागातली लाल माती पाहिलेल्याला सांगायला नको. फिल्टरच्या आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या नळीत बोट फिरवायचं. बोटाला बारीक खरखरीत धूळ लागली तर ब्लॉक उघडल्यावर काय दिसणार ते ठरलेलंच: बोअरच्या वरच्या भागातल्या होनिंगच्या (कारखान्यात मुद्दाम पाडलेल्या) तिरक्या रेघा पुसलेल्या, करडी झळाळी, वरची रिंग सगळ्यात जास्त झिजलेली. तेल कमी पडून खराब झालेलं इंजिन वेगळं दिसतं. तिथे पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या अंगावर) उभे ओरखडे असतात आणि हेडमध्ये कॅमही तापून निळसर पडतो. बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजला, रिंग पिस्टननेच सरळ खाली ढकलून तिच्या तोंडाचा गॅप फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) घेतला, की कंपनीच्या माणसाला नुसतं मत सांगावं लागत नाही, आकडे दाखवता येतात.

हा फिल्टर कागदाचा आणि तेल लावलेला असेल तर तो हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. हवेने कागदाला सूक्ष्म भोकं पडतात आणि वरून तो स्वच्छ दिसतो. मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की धुळीच्या भागात ठरलेल्या किलोमीटरच्या आधी बदला, पण ते पान कुणी वाचत नाही. आमचं स्पष्ट मत आहे की कच्च्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीला पुस्तकातलं मोठं अंतर लागू करूच नये. आत धूळ गेलेली सिद्ध झाली की क्लेम सहसा नाकारला जातो, आणि तेव्हा आमच्याकडेही बोलायला जागा नसते. मग ब्लॉक उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बोअरिंगला पाठवून ओव्हरसाइझ (थोड्या मोठ्या मापाचा) पिस्टन टाकणं हा गिऱ्हाइकाला स्वस्तातला मार्ग. वॉरंटीत मात्र बोअरिंग नसतं, ब्लॉक-पिस्टनचा पूर्ण सेट बदलतात.

क्लेम अडतो तो बहुतेक दोन जागी. एक, सर्व्हिसची नोंद. कंपनीच्या कुठल्याही अधिकृत केंद्रात केलेली सर्व्हिस चालते, कोल्हापुरात केली की बेळगावात याने फरक पडत नाही. मधली एक सर्व्हिस नाक्यावरच्या मेस्त्रीकडे झाली आणि तेलाचं बिल नाही, तिथे प्रश्न येतो. मेस्त्री हुशार असेलही, पण कागदाशिवाय आम्ही त्याची बाजू मांडू शकत नाही. दोन, बाहेरून जोडलेले दिवे आणि हॉर्न. मूळ वायर सोलून जोड दिला असेल तर त्या सर्किटवरचा प्रत्येक इलेक्ट्रिकल क्लेम संशयात जातो.

पैशाची बाजू गिऱ्हाइकाला दिसत नाही. आम्ही आमच्या साठ्यातला पार्ट घालतो, कंपनी नंतर भरपाई देते, तोवर भांडवल अडकतं. जुना पार्ट टॅग लावून ठेवावा लागतो, कंपनी मागेल तेव्हा तो हजर नसेल तर पैसे गेले. जीएसटीचा गोंधळ जुलै २०२३ च्या केंद्राच्या परिपत्रकाने बराच निवळला: गिऱ्हाइकाकडून काही घेतलं नसेल तर त्याच्याकडून कर नाही, डीलरने स्वतःचा पार्ट घालून कंपनीला बिल लावलं तर त्या बिलावर कर लागतो. कंपनीकडून मिळणाऱ्या मजुरीच्या भरपाईवरही तसंच.

सेट बदलून गाडी जोडताना हेडचे बोल्ट आडवे-तिडवे, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळायचे. नंतर स्कॅनरने जुने कोड पुसायचे, गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून थंड होऊ द्यायची आणि तेलाची पातळी पुन्हा बघायची. पहिले ५०० किलोमीटर वरच्या गिअरला दम कोंडत ओढायची नाही आणि एकाच स्पीडने लांब पल्लाही मारायचा नाही. ५०० ला तेल बदलायचं. ब्लॉक वॉरंटीत बसला तरी या तेलाचे पैसे द्यावे लागू शकतात, हे गाडी ताब्यात देतानाच कार्डावर लिहून सही घ्यावी.