मामांची साइट जूमलावरून वर्डप्रेसवर: सहा आठवड्यांची नोंदवही

आंब्याचा हंगाम संपल्याशिवाय साइटला हात लावायचा नाही, ही मामांची एकच अट. त्यामुळे काम सुरू झालं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. मामांचा धंदा राजापूरजवळ, घरगुती: कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, सांडगी मिरची आणि हंगामात पेट्या. साइट मीच २०१३ साली कॉलेजात असताना जूमलावर उभी केली (जूमला आणि वर्डप्रेस, दोन्ही साइट बनवायची सॉफ्टवेअर), जूमला ३.६ पर्यंत अपडेट करत आणली आणि मग विसरलो. त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कोणी नाही.

जूमला ३ चा सपोर्ट ऑगस्ट २०२३ मध्येच संपलाय, जूमला ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीच्या ७.४ चा त्याच्याही आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये. मला जाग आली ती होस्टिंगवाल्याचा ‘आता पीएचपी ८ वर या’ असा मेल आल्यावर. जूमलाच्या पुढच्या आवृत्तीवरही जाता आलं असतं, पण जुनं टेम्प्लेट तसंही मेलेलं होतं आणि यापुढे साइट मामी सांभाळणार आहेत. त्यांना बचत गटाच्या साइटमुळे वर्डप्रेसची सवय आहे. विषय संपला.

वूकॉमर्स, म्हणजे वर्डप्रेसवर दुकान मांडायचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर), टाकून पाहिलं आणि दोन दिवसांत काढलं. चौदा वस्तू, ऑर्डर सगळ्या व्हॉट्सअॅपवर, पैसे यूपीआयने. त्यासाठी कार्ट, कूपन आणि स्टॉकचा पसारा कशाला?

पहिला आठवडा

जुन्या साइटचा पूर्ण बॅकअप, फाइली आणि डेटाबेस दोन्ही, दोन ठिकाणी. मग लॅपटॉपवर रिकामं वर्डप्रेस आणि ‘एफजी जूमला टू वर्डप्रेस’ हे प्लगइन. लेख, वर्ग, फोटो सगळं अर्ध्या तासात आलं. इतकं सहज की मलाच संशय आला.

संशय खरा ठरला. एक लेख ‘गरम भाताबरोबर मस्त लागते’ इथेच तुटलेला. आयातीची चूक नव्हती, जुन्या साइटवरही तो तिथेच तुटलेला होता. मामेभावाने तिथे इमोजी टाकला असणार. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जुना ‘यूटीएफ८’ (अक्षरं साठवायची पद्धत) एका अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरीला तेवढे पुरतात, इमोजीला चार लागतात. डेटाबेस कडक मोडमध्ये नसेल तर इमोजीपासून पुढचा मजकूर मुकाट कापला जातो. नवीन डेटाबेस ‘यूटीएफ८एमबी४’ आहे, पण गेलेला मजकूर गेलाच. मामींनी तो परत सांगितला, मी टाइप केला.

दुसरा आणि तिसरा आठवडा: पत्ते

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

जूमलात युनिकोड एलियसची (पत्त्यात देवनागरी चालू देणारी) सेटिंग चालू करायची असते. मी २०१३ साली केली नव्हती. ती बंद असली की शीर्षकाचं रोमनीकरण होतं, मराठी शीर्षकातून हाती काहीच उरत नाही, आणि मग लेखाच्या पत्त्यात चक्क तारीख आणि वेळ बसते. त्यामुळे आमच्या ८३ पानांचे पत्ते म्हणजे वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट-सेकंद. कोकम आगळाचं पान मी रात्री पावणेदोनला बनवलं होतं, हे बारा वर्षं जगाला दिसत होतं.

नव्या साइटवर ठरवलं की पत्ते मराठीतच ठेवायचे. हौस. वर्डप्रेस देवनागरी स्लग (पत्त्यातला लेखाच्या नावाचा तुकडा) आनंदाने बनवतं. ‘आंबापोळी घरच्या घरी कशी साठवावी’ हा लेख प्रकाशित केला, आणि पत्ता आला ‘आंबापोळी-घरच्या-घरी-कशी-स’. लगेच पुढचा, ‘आंबापोळी घरच्या घरी कशी सुकवावी’. त्याचा पत्ता: ‘आंबापोळी-घरच्या-घरी-कशी-स-२’.

हिशेब असा आहे. डेटाबेसमध्ये स्लगच्या रकान्याला २०० जागांची मर्यादा आहे आणि स्लग साठवला जातो एन्कोड होऊन. देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्ह अधिक दोन अक्षरं. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे धरायचे. ‘घरच्या’ दिसायला तीन अक्षरं, पण चिन्हं सहा, म्हणून ५४ जागा. माझ्या शीर्षकात ‘स’पर्यंत १९३ भरल्या, त्याच्या कान्याला नऊ हव्या होत्या, उरल्या होत्या सात. सुकवावीच्या उकाराचंही तेच झालं.

लहान शीर्षकं देऊन निभावलं असतं. पण मी चाचणीची लिंक मामांना व्हॉट्सअॅपवर पाठवली. तिथे ती टक्केचिन्हांची तीन ओळींची रांग होऊन पोचली. मामांचा फोन: “अरे, एवढे टक्के कसले? सूट जाहीर केलीस की काय परस्पर?” मामी मागून म्हणाल्या, “असली लिंक मला आली तर मी उघडायची नाही हो, बँक रिकामी व्हायची.”

हौस संपली. सगळे स्लग रोमनमध्ये, दोन किंवा तीन शब्दांचे. शीर्षकं अर्थातच मराठी.

मग रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणं. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये पाहिलं तर ८३ पैकी जेमतेम नऊ पानांवर गुगलवरून कोणी येत होतं, त्यातही निम्मी माणसं आगळाच्या पानावर. तरी सगळ्या पानांची यादी केली आणि चालू पानांना ३०१ (‘पत्ता कायमचा बदलला’) लावले. वीसेक शिळी पानं (‘दिवाळी २०१४ सवलत’ वगैरे) सरळ ४१० (‘पान कायमचं काढलं’) करून टाकली. सगळं मुखपृष्ठाकडे वळवायचा मोह आवरा. आगळ शोधत आलेल्या माणसाला मुखपृष्ठ दाखवलं तर तो परत जातो.

चौथा आठवडा: वाऱ्यावर

दरपत्रक आणि जुनी माहितीपत्रकं डीटीपीवाल्याकडून आलेली, श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टात. पेस्ट केलं की रोमन अक्षरांचा चिवडा. कन्व्हर्टरने बहुतेक काम केलं, पण ‘वाऱ्यावर सुकवलेली’ झालं ‘वार्यावर सुकवलेली’. आपल्या ऱ्य ची आडवी रेघ जाऊन डोक्यावर रफार बसला. ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘कैऱ्या’ सगळीकडे तेच.

मी शहाणपणा करून एकदम शोधा-आणि-बदला मारलं. परिणाम: ‘सूऱ्यप्रकाशात वाळवलेली आमसुलं’. आणि आमच्याविषयीच्या पानावर मामांचं ‘काऱ्य’. बॅकअपवर परत गेलो, सगळे र्य एकेक करून डोळ्यांनी तपासले. एका संध्याकाळचं काम आहे, त्याला आडवाट नाही.

सोबत एक फुकटचा फायदा. साइटची भाषा अमेरिकन इंग्रजी राहिली होती, ती मराठी केली आणि फॉन्ट नोटो सान्स देवनागरी ठेवला. पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला कळलं की हा फॉन्ट ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतो, हिंदी वळणाचे नाही. ‘लिंबू लोणचं’ एकदम घरचं दिसायला लागलं. मामांना फरक कळला नाही. मला कळला.

पाचवा आठवडा: स्थलांतर आणि माझा गाढवपणा

नवीन होस्टिंग घेतलं होतं. ए रेकॉर्डचा (साइट कोणत्या सर्व्हरवर आहे ती नोंद) टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवायची ते) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणला, म्हणजे पाच मिनिटांत जग नव्या सर्व्हरवर. आणि मग ए रेकॉर्ड बदलायचा सोडून नेमसर्व्हरच (या सगळ्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले. डॉटकॉमच्या रजिस्ट्रीत नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. माझे ३०० सेकंद तिथे कोण विचारतो? दोन दिवस कुणाला जुनी साइट, कुणाला नवी.

त्याहून वाईट म्हणजे नव्या झोनमध्ये (नोंदींच्या यादीत) एमएक्स नोंदी (मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या) टाकायला विसरलो. मामांचा मेल दुसऱ्याच सेवेवर आहे. साइट झकास दिसत होती आणि मेल येणं हळूहळू थांबलं. आम्हाला कळलं ते पुण्याच्या एका दुकानदाराने “मेल परत येतोय हो” असा फोन केल्यावर. नोंदी टाकल्या, मेल सुरू झाला. मामा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “आंब्यात केलं असतंस तर?” अट का घातली होती ते तेव्हा कळलं.

सध्या

रिडायरेक्ट चालतायत, ४०४ ची (न सापडलेल्या पानांची) यादी रोज पाहतोय, आगळाचं पान गुगलमध्ये नव्या पत्त्याने दिसायला लागलंय. अकरा फोटो अजून चार-चार एमबीचे आहेत, ते लहान करायचेत. संपर्क फॉर्मवर स्पॅम सुरू झालाय, म्हणून फॉर्मच काढून व्हॉट्सअॅपचं बटण ठेवावं असं वाटतंय.

मामींनी काल फोनवरून पहिला लेख स्वतः टाकला, फणसपोळीवर. स्लग रोमनमध्ये, दोनच शब्दांचा. शीर्षकात तीन इमोजी आहेत आणि लेख शेवटपर्यंत आलाय.