लग्न नाही, मग लेकीचा पासपोर्ट कुठला?

पुण्याच्या काकू हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांचा आवाज खाली येतो. इथे जर्मनीत गणपतीची आरती झाल्यावर एखादी मुलगी मला बाजूला घेऊन हेच विचारते, तेव्हा बहुतेक वेळा तिला स्वतःला दिवस गेलेले असतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: आमची लेक जन्मापासून जर्मन नागरिक आहे, पासपोर्ट जर्मन आहे, आणि आमचं लग्न झालेलं नाही म्हणून ते अडलं नाही. फक्त एक कागद वेळेवर करावा लागला.

आई जर्मन असती तर काहीच करावं लागलं नसतं. आमच्या घरी लेकीचा बाबा जर्मन आणि मी भारतीय. लग्न झालेलं असतं तर नवरा म्हणून कायद्याने तोच बाप धरला गेला असता. लग्न नसलं की बापाने पितृत्व मान्य केल्याचा दस्त करायचा आणि आईने त्याला संमती द्यायची. पूर्वी एवढं करूनही बिनलग्नाच्या मुलाला जर्मन बापाचं नागरिकत्व आपोआप मिळत नव्हतं. १ जुलै १९९३ पासून जन्मलेल्या मुलांना ते मिळतं.

हा दस्त बाळ जन्मायच्या आधीही करता येतो, आणि तेव्हाच करावा असं माझं कळकळीचं सांगणं आहे. आम्ही सातव्या महिन्यात गेलो. युगेंडआम्ट म्हणजे मुलांचं हित बघणारी सरकारी कचेरी. तिथे याची फी लागत नाही. टेबलापलीकडच्या बाईंनी अख्खा दस्त मोठ्याने वाचला, दर परिच्छेदानंतर थांबून माझ्याकडे बघितलं आणि समजलं का ते विचारलं. भाषा येत नसेल तर दुभाषी लागतो, कारण न समजता केलेली सही त्यांना चालत नाही. लेकीच्या बाबाचा सही करताना हात थरथरत होता. लग्नाशिवाय संसार मांडला म्हणजे जबाबदारी टाळली असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो हात बघायला हवा होता.

त्याच दिवशी दुसराही दस्त केला, संयुक्त पालकत्वाचा. तो केला नाही तर मुलाबद्दलचे निर्णय कायद्याने एकट्या आईकडे राहतात. केला की पासपोर्टच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. पहिला दस्त बाळाच्या हक्काचा आहे, तो कराच. दुसरा तुमच्या दोघांच्या नात्यावर अवलंबून आहे, तो नीट विचार करून करा.

एक गोष्ट मात्र फार थोड्याजणींना ठाऊक असते. भारतात लग्न झालंय, नवऱ्यापासून वेगळ्या राहताय, घटस्फोटाचा दावा तारखांवर तारखा खातोय, आणि बाळ इथल्या जोडीदाराचं आहे, असं असेल तर कागदोपत्री बाप म्हणून तो जुना नवराच धरला जाऊ शकतो. मग जर्मन जोडीदाराची सही एकटी पुरत नाही. अशा वेळी बाळंतपणाच्या आधीच वकील गाठा.

आम्हाला घाम फुटला तो जन्मनोंदणीच्या वेळी. भारतातून आलेली कागदपत्रं इथे तशीच्या तशी मानत नाहीत, तिकडे तपासणीला पाठवतात, आणि त्यात महिने जातात. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावापुढे माझ्या बाबांचं नाव, आपल्याकडे लिहितात तसं. इथे ते माझंच दुसरं नाव समजून नोंदलं गेलं. त्यात माझा जन्मदाखला काढून बघितला तर त्यावर माझं नावच नव्हतं. आईचं नाव होतं, बाबांचं होतं, तारीख होती, आणि माझ्या जागी नुसतं ‘स्त्री’. त्या काळी बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची, पुढे नाव घालायला कोणी गेलंच नाही. तपासणी होईपर्यंत लेकीच्या नोंदीत माझ्यापुढे शेरा राहिला, ‘ओळख सिद्ध झालेली नाही’. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकराच्या कागदावर आपल्याबद्दल हे वाचायचं. मी त्या रात्री खूप रडले. लेकीच्या जन्मदाखल्याऐवजी इथल्या नोंदणी कचेरीने नोंदवहीचा प्रमाणित उतारा दिला, आणि पासपोर्ट त्यावरही निघाला.

नगरपालिकेत नाव घालायला माझी आई गेली. लग्न न करण्याच्या आमच्या निर्णयानंतर ती माझ्याशी धड बोलतही नव्हती. तीन खेपा घातल्या तिने, आणि दाखला हातात आल्यावर फोटो पाठवून खाली लिहिलं, ‘झालं एकदाचं तुझं नाव.’

आता भारताकडची बाजू. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात परदेशात जन्मलेल्या मुलाला आधी फक्त बापाकडून भारतीयत्व मिळायचं. आईकडूनही मिळू लागलं ते १९९२ च्या दुरुस्तीनंतर. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांना लिहून द्यावं लागतं. इथेच आम्हाला निवड करावी लागली. २७ जून २०२४ पासून जर्मनी दोन नागरिकत्वांना हरकत घेत नाही, पण भारत घेतो. लेक इथे वाढणार, म्हणून आम्ही जर्मन पासपोर्ट घेतला आणि तिचं ओसीआय कार्ड काढलं, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड. कागदांच्या यादीत आईबापांच्या लग्नाचा दाखला होता. त्याऐवजी आम्ही पितृत्वाचा दस्त आणि दोघांच्या सहीचं पत्र जोडलं, ते चाललं. माझा स्वतःचा पासपोर्ट भारतीयच आहे. तो सोडायला मन होत नाही.

आईचा खरा प्रश्न वेगळाच होता: ‘आपल्या सातबाऱ्यावर हिचं नाव लागेल का?’ ओसीआयवाल्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही, मतही देता येत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन मात्र ठेवता येते. आणि हिंदू वारसा कायदा लग्नाशिवाय झालेल्या मुलाचं आईशी नातं मानतो, त्यामुळे माझ्यामागे ती माझी वारस आहेच. या मुलांना तिथे जो शब्द वापरलाय तो मला इथे लिहायचा नाही.

ज्या भारतातच बाळंत होणार आहेत त्यांच्यासाठी एवढंच: आईबापांपैकी एक भारतीय असेल आणि दुसरा बेकायदा आलेला नसेल, तर बाळ भारतीय. पासपोर्टवर आईबापांपैकी एकाचंच नाव डिसेंबर २०१६ पासून चालतं. अविवाहित आईला पालकत्वासाठी बापाचं नाव सांगायला लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय.

आणि पाचवा-सहावा महिना चालू असेल तर आज संध्याकाळी आईला फोन करा. तुमचा जन्मदाखला काढायला सांगा आणि त्यावर तुमचं नाव आहे का, ते तिला वाचून दाखवायला सांगा.