बार्टन्सव्हिलचा छपराचा पूल: जाळी शाबूत, काठ गेला

28 ऑगस्ट 2011 ला आयरीन वादळाच्या पुराने अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला बार्टन्सव्हिलचा लाकडी पूल विल्यम्स नदीत पाडला. हे दृश्य चित्रित झालं आणि जगभर पाहिलं गेलं. ते नीट पाहा. पुलाची जाळी, म्हणजे दोन्ही बाजूंना तिरप्या फळ्यांची विणलेली भिंत, शेवटपर्यंत उभी आहे. पाण्याने खणली ती काठावरच्या टेकूखालची, म्हणजे पूल ज्यावर टेकतो त्या आधाराखालची माती. टेकू सरकला आणि अख्खा पूल खाली गेला.

तो पूल 1870 साली सॅनफर्ड ग्रेंजरने बांधला होता, 151 फुटांचा. आधी 1869 च्या पुरात नदीने पात्रच बदललं होतं, म्हणून नव्या जागी नवा पूल लागला. म्हणजे याचा जन्मही पुरातून आणि अंतही पुरातच.

रचना इथिएल टाउन या अमेरिकन वास्तुरचनाकाराच्या जाळीची, पेटंट 1820 चं. जाड तुळया नकोत, तरबेज सुतार नको. साधारण तीन इंच जाडीच्या फळ्या तिरप्या एकमेकींवर टाकायच्या, प्रत्येक छेदावर गिरमिटाने भोकं पाडायची आणि दीड-दोन इंच व्यासाच्या ओकच्या खुंट्या ठोकायच्या. खुंटी पूर्ण वाळलेली हवी. ओली ठोकली तर ती पुढे आकसते, सांधा खुळखुळतो आणि शेकडो सांध्यांची ढील मिळून पूल मधोमध बसतो. म्हणून जोडतानाच मध्याला थोडा वर बाक देतात.

खालच्या आडव्या पट्ट्यांवर सगळा ताण येतो. तिथे फळ्यांचे जोड एकाच रेषेत कधीच येऊ द्यायचे नाहीत, कारण जोडापाशी ती फळी काहीच ओढत नाही, तिचा भार शेजारणी घेतात. डागडुजीत कुजलेला तुकडा कापून नवा बसवताना नेमकं हेच विसरलं जातं.

दुसरं दुखणं म्हणजे पातळ जाळी बाजूला पिळवटते. टाउनने 1835 मध्ये दुहेरी जाळीचं पेटंट घेतलं ते त्यासाठीच.

छप्पर मात्र शोभेसाठी नाही, हे कितीदा सांगावं! उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत कुजतो, झाकलेला शंभरी गाठतो. तरीही टोकं आधी जातात. चाकांबरोबर आलेली माती खालच्या पट्टीवर साचते, ओल धरते आणि बुरशी लागते. ती माती दरवर्षी झाडून काढावी. दगड आणि जाळी यांच्यामध्ये बदलता येईल असा जाड ओंडका ठेवावा, म्हणजे कुजायचं ते तोच कुजेल.

गावाने पुन्हा टाउनच्याच जाळीचा पूल उभारला, 168 फुटांचा. जानेवारी 2013 मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. माझ्या मते लाकडाचा आग्रह योग्यच होता. पण अशा पुलाची पाहणी करताना पहिली नजर छपराकडे नको, दोन्ही काठांच्या पायाकडे जावी. प्रत्येक मोठ्या पुरानंतर पाणी ओसरलं की पायथ्याशी किती खळगा पडलाय ते मोजावं आणि पुढच्या पावसाआधी तो मोठ्या दगडांनी भरून घ्यावा.