आमची वाटचाल : माल किती आहे, ते खरं सांगा

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून द्यायचं, एवढंच आमचं काम होतं. पुढे त्यांचीच मागणी आली, की बाहेरगावच्या व्यापाऱ्याला बसल्या जागी माल बघून ऑर्डर टाकता आली पाहिजे. तिथून आम्ही वेबकडे वळलो.

दिवाळीआधी सगळे व्यापारी एकदम यायचे आणि साइट बसायची. डिझाइन, साइज, रंग, दर, स्टॉक अशी डेटाबेसमधली टेबलं जोडणारी एकच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, आणि जो तो तीच मारतोय. आधी इंडेक्स, म्हणजे डेटाबेसला नोंद पटकन सापडावी म्हणून केलेल्या सूच्या, नीट लावले. ते न करता कॅशकडे, म्हणजे एकदा काढलेला निकाल हाताशी साठवून पुन्हा वापरण्याकडे, धावणं मला पटत नाही. आमचा डेटाबेस मायएसक्यूएल, पण त्याची आयती क्वेरी कॅश आमच्या कामाची नव्हती. टेबलात एक ओळ बदलली, की त्या टेबलावरचे सगळे साठवलेले निकाल ती टाकून द्यायची, आणि आमचा स्टॉक तर दिवसभर हलतो. 8.0 आवृत्तीत मायएसक्यूएलवाल्यांनी ती काढूनच टाकली, बरं झालं.

मग रेडिस घेतलं, म्हणजे मेमरीत नोंदी ठेवणारं वेगळं सॉफ्टवेअर. जेकार्ड चादरीचं पान उघडलं की आधी तिथे बघायचं. नसेल तरच डेटाबेसला विचारायचं आणि निकाल दहा मिनिटांच्या मुदतीने ठेवायचा. कारखानदाराने दर बदलला, की मुदतीची वाट न बघता ती नोंद पुसायची. मुदत संपताच सगळे डेटाबेसवर तुटून पडू नयेत म्हणून एकालाच नवा निकाल आणायला पाठवतो, बाकीच्यांना तेवढ्यापुरता जुना दाखवतो.

खरी गोम कीमध्ये, म्हणजे कॅशमधली नोंद ज्या नावाने ठेवतो त्या नावात, आहे. इथे प्रत्येक व्यापाऱ्याचा दर वेगळा. कीमध्ये नुसता डिझाइन नंबर घातला, तर एकाचा दर दुसऱ्याला दिसणार, आणि मग फोन सॉफ्टवेअरवाल्याला नाही, थेट कारखानदाराला जातो! म्हणून व्यापाऱ्याची दरश्रेणी कीमध्ये हवीच.

स्टॉकचं साखर पेठेतल्या एका गिऱ्हाइकाने पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलं होतं: "साहेब, फोटो उद्या दिसला तरी चालतंय, पण माल किती आहे ते खरं सांगा." त्यामुळे यादीत 'उपलब्ध' हा शब्द कॅशमधून येतो, ऑर्डर पक्की करताना नग आणि दर थेट डेटाबेसमधून, ऑर्डर नोंदवण्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं मिळून एकच व्यवहार धरून, तपासतो.

आता युनिफॉर्मवाले येताहेत. शाळा, इयत्ता, साइज धरून त्यांच्या नोंदी भरमसाट होतात, म्हणून मेमरी भरली की बराच वेळ कुणी न मागितलेली नोंद आधी जाईल, असं रेडिसला सांगून ठेवलंय.