हात म्हशीला टोचतो

आमच्या घरात हाताला भेगा पडल्या की पहिली तक्रार म्हैस करते, माणसं नंतर. पौषातल्या पहाटे कासेला हात लावला आणि ती पाय झाडायला लागली, की सासूबाई गव्हाणीपाशी बसल्या जागेवरून म्हणतात, ‘‘हात बघू गं तुझा.’’ मी पुढे करते. ‘‘टोचतोय की तिला. कोकमतेल लाव जा.’’ मला दुखतंय का, हे त्या विचारत नाहीत आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नाही. टोचलं तर ती पान्हा चोरते आणि त्या दिवशी डेअरीच्या पावतीवर लिटर कमी दिसतं. माझ्या भेगा कुठल्याच पावतीवर दिसत नाहीत.

दोन पंढरपुरी म्हशी आणि एक एचएफ, म्हणजे विलायती होल्स्टीन, गाय, एवढा आमचा गोठा. मिल्किंग मशीन घ्यावं एवढा नाही आणि हात सुखात राहावेत एवढा लहानही नाही. लोकांना वाटतं, शेणामुळे हात खराब होतात. शेण बिचारं मऊ. थंडीच्या दिवसांत हात खराब करतं ते वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. कोल्हापूर भागात या दिवसांत ऊसतोड चालू असते, म्हणून वैरण म्हणजे वाढंच. उसाच्या पानाच्या कडेला बारीक दाते असतात. दवानं भिजलेली पेंढी कवेत घेऊन गोठ्यापर्यंत आणली की मनगटापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत केसाएवढ्या चिरा पडतात. रक्त येत नाही, दिसतही नाहीत. भाजीला मीठ घालताना मात्र एकूण एक चीर कळते.

त्या चिरांवर मग मूत. जनावराच्या मुतात युरिया असतो, शेणातले जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि सकाळी गोठ्यात शिरताना नाकाला झोंबतो तो हाच. वरून साबण आणि कॅन घासायचा धुण्याचा सोडा. आपली कातडी जराशी आंबट असते, साबण आणि सोडा दोन्ही अल्कली. कातडीच्या पेशी-पेशींच्या मधल्या फटीत जी थोडी चरबी असते ती हे दोघं धुऊन नेतात आणि मग आतलं पाणी थंड कोरड्या हवेला मोकळं होतं.

चेहरा, पाठ, डोकं यांना तेल आतून मिळतं. तळहाताला तैलग्रंथीच नसतात, तळपायालाही नसतात. भेगा नेमक्या तिथंच का पडतात, ते यावरून कळतं. आणि गंमत म्हणजे गाईच्या सडाच्या कातडीलाही तैलग्रंथी नसतात. दिवसातून दोनदा ज्यांची गाठ पडते त्या दोघांकडेही स्वतःचं तेल नाही. म्हणून थंडीत सडही फुटतात, आणि फुटलेला सड फुटलेल्या हातात आला की मग लाथ ठरलेली.

धार झाल्यावर सड बुडवायचं आयोडीनचं औषध मिळतं, त्यात ग्लिसरीन असतं ते याचसाठी. जंतू मरावेत आणि कातडी मऊ राहावी. हाताला असं काही बाटलीत मिसळून कुणी देत नाही. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये १८९९ पासून कासेला लावायचं एक मलम निघतं, बॅग बाम नावाचं, हिरव्या डबीत. आत पेट्रोलियम जेली आणि लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. काढलं गाईंसाठी, पण ते माणसांच्या हातांवर जाऊन बसलं. तिकडेही आधी जनावराची सोय आणि उरलंसुरलं माणसाला, हे वाचून मला बरं वाटलं.

आमच्याकडे ती जागा कोकमाची आहे. माझं माहेर देवरुखकडचं, त्यामुळे हुंड्यात नाही तरी पिशवीत कोकम आलं. बियांपासून काढलेलं हे तेल थंडीतच काय, उन्हाळ्यातसुद्धा घट्ट राहतं, म्हणून बाजारात त्याचे गोळे मिळतात. पांढरट, थोडे पिवळसर, नखानं खरवडलं तर मेणासारखी खपली निघते. तसंच चोळलं तर हाताला लागत नाही, नुसतं घसरतं. पळीत तुकडा घ्यायचा, चुलीच्या निखाऱ्यावर धरायचा, पाण्यासारखं पातळ झालं की सोसेल एवढं गरम असतानाच भेगेत सोडायचं. पहिला थेंब चटका देतो. मग ते भेगेतच थिजतं आणि कड जुळून येते. दुसऱ्या दिवशी पेंढी उचलली तरी ती भेग उकलत नाही. मी क्रीमं वापरून पाहिली आहेत, पण खोल भेगेला कोकमाइतकं काही धरत नाही, असं माझं ठाम मत आहे. खोबरेल रोजच्याला ठीक.

लावायची वेळ मात्र पाळावी लागते. हात धुऊन पुसले, पण पुरते सुकले नाहीत, तेव्हा लावायचं. तेल स्वतः पाणी देत नाही, असलेलं राखतं. कोरड्या हातावर लावून काही राखायचंच उरत नाही. संध्याकाळची धार झाली, भांडी झाली, की मग. वरून जुने सुती पायमोजे हातात घालून झोपायचं. दिसायला हे ध्यान असतं, पण रात्रीत काम होतं. दिवसा रबरी हातमोजे शेण काढायला बरे, फार वेळ घातले तर आत घामानं कातडी पांढरीफटक होऊन उलट सोलते. आणि धारेला मोजे म्हशीला चालत नाहीत.

वासाचं तर विचारूच नका. भाचीनं पुण्याहून गुलाबाच्या वासाचं हँड क्रीम आणलं होतं. दूध भोवतीचा वास पटकन धरतं, त्यामुळे धारेआधी ते लावायची सोयच नाही. ते आता लग्नाकार्याला निघताना लावायचं क्रीम झालंय. तालुक्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं मात्र उपयोगी पडलं, बिनवासाचं. ट्यूबवर वाचलं तर युरिया दहा टक्के. मी दोनदा वाचलं. गोठ्यात ज्याचा अमोनिया होऊन हात जळतात, तोच युरिया ट्यूबमध्ये पाणी ओढून धरतो आणि निबर कातडी सैल करतो. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘मग पैसं कशाला घालवलंस? खताचं पोतं हाय की घरात.’’ त्यांना समजवायला अर्धा तास गेला, आणि समजलं की नाही कोण जाणे.

त्या स्वतः हाताला काही लावत नसत. पन्नास वर्षांच्या धारांनी त्यांच्या अंगठ्याची रेघ न् रेघ पुसली आहे, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही असावा. अडलं ते रेशन दुकानात. मशीनवर अंगठा ठेवला, ठसा जुळेना. पुन्हा ठेवला, नाही. दहाही बोटं झाली. मागे रांग वाढत चाललेली. शेवटी दुकानदारच म्हणाला, ‘‘आजी, केसात घासा जरा.’’ त्यांनी अंगठा तेलकट भांगात दोन-तीनदा फिरवला, पदराला पुसला, ठेवला, आणि मशीननं घेतला. गहू मिळाले. तेव्हापासून त्या कोकम लावतात, पण फक्त रेशनच्या आदल्या रात्री, आणि तेही उजव्या अंगठ्यालाच.