फ्लॉपी चालेल, पेन ड्राइव्ह नको

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम. त्यात असं नवं व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) तयार करून त्याच्या सेटिंग्जमध्ये डोकावलं, की बूट कुठून करायचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम कुठून सुरू करायची, याची एक छोटीशी यादी दिसते. फ्लॉपी, ऑप्टिकल, हार्ड डिस्क, नेटवर्क. फ्लॉपी! जिचं दर्शन आता फक्त 'सेव्ह'च्या चिन्हात होतं, ती इथे अजून ठाण मांडून बसली आहे. आणि ज्या ड्रॉवरमध्ये हात घालावा तिथे सापडणारा पेन ड्राइव्ह मात्र यादीत औषधालाही नाही.

आता पेन ड्राइव्ह या मशीनला जोडताच येत नाही असं नाही. यूएसबीच्या मेनूत जाऊन टिचकी मारली की जोडला जातो. पण ते सगळं आतली ऑपरेटिंग सिस्टिम उठून कामाला लागल्यानंतरचं. यूएसबीशी बोलणारा ड्रायव्हर त्या सिस्टिममध्ये आणि सिस्टिम पेन ड्राइव्हवर, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच. जुन्या वळणाच्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू होताच सर्वांत आधी जागा होणाऱ्या प्रोग्रामला, स्वतःहून यूएसबी वाचता येत नसेल, तर गाडी तिथेच अडते.

यावरचा जुना उपाय मला मनापासून आवडतो, कारण तो चक्क थाप मारण्याचा आहे. पेन ड्राइव्हची ओळख 'ही हार्ड डिस्क आहे' अशी करून द्यायची. व्हर्च्युअलबॉक्सच्या कमांडने व्हीएमडीके प्रकारची, म्हणजे व्हर्च्युअल डिस्कची, एक फाइल बनवायची आणि ती हार्ड डिस्क म्हणून मशीनला लावायची. एरवी अशी फाइल अनेक जीबींची असते, कारण अख्खी डिस्क तिच्या पोटात असते. ही मात्र जेमतेम वीस-पंचवीस ओळींची साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्ये उघडून खुशाल वाचावी. एका ओळीत सेक्टरची, म्हणजे डिस्कच्या छोट्या तुकड्यांची, संख्या आणि खरा माल कुठे आहे त्याचा पत्ता: विंडोजवर 'फिजिकलड्राइव्ह १', लिनक्सवर 'एसडीबी' असं काहीतरी. सेक्टर ५१२ बाइटचा, त्यामुळे ८ जीबीच्या ड्राइव्हसाठी हा आकडा दीड कोटीच्या वर जातो. पण खरी गंमत त्याखाली आहे. तिथे डिस्कची भूमिती लिहिलेली असते: सिलिंडर इतके, हेड १६, सेक्टर ६३. ज्या वस्तूत फिरणारी एकही तबकडी नाही, तिच्या तबकड्यांचा हा रीतसर जमाखर्च! आतल्या लिनक्सला विचारावं, बाबा रे, तुझी डिस्क कोणती? तो 'व्हीबॉक्स हार्डडिस्क' असं ठणकावून सांगतो. त्याला काय ठाऊक, आपण बोटभर पेन ड्राइव्हवर बसलोय ते.

अर्थात एवढीच एक थाप असती तर गोष्ट वेगळी. व्हर्च्युअल मशीनचा सगळा संसारच उसना. नेटवर्क कार्ड नाटकी, स्क्रीन म्हणजे आपल्याच स्क्रीनवरची एक खिडकी, मेमरी यजमानाच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरच्या, मेमरीतून काढून दिलेली. हा उद्योग जुना आहे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० आणलं, तेव्हा एकाच मोठ्या यंत्रावर प्रत्येकाला आपापलं स्वतंत्र यंत्र असल्याचा भास व्हायचा. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी या भासाचे निकष मांडले. त्यांतला एक असा, की वेळेचा आणि उपलब्ध साधनांचा फरक सोडला तर आतल्या प्रोग्रामला सगळं खऱ्या यंत्रावर चालल्यासारखंच वाटलं पाहिजे. थोडक्यात, थाप पकडली जाता कामा नये. डेस्कटॉपवरच्या प्रोसेसरना हे नीट जमावं म्हणून इंटेलने २००५ साली व्हीटी-एक्सची सोय खुद्द प्रोसेसरमध्येच केली.

मात्र पेन ड्राइव्हवरून बूट केलं, की या सगळ्या मायाबाजारात एक वस्तू शंभर टक्के खरी असते: तो ड्राइव्ह. एरवी व्हीएममध्ये आपण बिनधास्त असतो. काय बिघडणार? फार तर एक फाइल उडवायची. इथे आत 'फॉरमॅट' म्हटलं की बाहेर खरोखर फॉरमॅट होतं. म्हणूनच ती व्हीएमडीके फाइल बनवणारी कमांड प्रशासकाचे अधिकार मागते, आणि योग्यच करते. ड्राइव्हचा क्रमांक तर डोळ्यांत तेल घालून बघावा. विंडोजवर शून्य क्रमांकाचा ड्राइव्ह म्हणजे बहुधा आपल्याच कॉम्प्युटरची मुख्य डिस्क. मी नावावर विसंबत नाही, आकार बघतो. त्यातही पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावला तर क्रमांक बदलू शकतो, आणि ती वीस ओळींची फाइल मात्र जुन्याच पत्त्यावर बोट दाखवत राहते. त्या पत्त्यावर आता दुसराच कोणी राहायला आला असेल तर? लिनक्समध्ये 'बाय-आयडी'चं, म्हणजे ड्राइव्हच्या स्वतःच्या ओळखीवरून ठरणारं, नाव वापरलं की ही भानगड टळते.

दुसरी काळजी अशी, की एकच ड्राइव्ह यजमान आणि पाहुणा (आतलं मशीन) दोघांनी एकाच वेळी उघडू नये. दोघेही आपापल्या कॅशमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) आपापलं खरं मानून लिहीत सुटतात आणि फाइल सिस्टिमचा चुथडा होतो. यजमानाने आधी अनमाउंट करून, म्हणजे ड्राइव्ह सोडून देऊन, बाजूला व्हावं, हे बरं. क्यूईएमयू हा व्हर्च्युअलबॉक्ससारखाच दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांना तर स्नॅपशॉटचा पर्याय आहे. तो दिला की आतलं सगळं लेखन एका तात्पुरत्या फाइलीत जातं आणि ड्राइव्हला ओरखडाही उठत नाही. म्हणजे उरलीसुरली खरी वस्तूही थापेत सामील.

एवढा खटाटोप बहुतेक जण करतात तो एकाच प्रश्नासाठी: हा पेन ड्राइव्ह बूट होतो का? हातातली सगळी कामं बंद करून कॉम्प्युटर रीस्टार्ट न करता उत्तर मिळतं, ही मोठीच सोय. पण खिडकीत लिनक्सचा लोगो झळकला म्हणून हुरळून जाऊ नये. तोच ड्राइव्ह खऱ्या मशीनला लावावा, तर तिथलं यूईएफआय (बायोसचा आधुनिक वारस) सिक्युअर बूटचा, म्हणजे ओळखीची डिजिटल सही असलेलंच सुरू करण्याचा, नियम पुढे करतं, सही दाखव म्हणतं, आणि सही ओळखीची नसेल तर सरळ हाकलून देतं. उलटंही होतं. फक्त यूईएफआयसाठी बनवलेला ड्राइव्ह खऱ्या मशीनवर सुरळीत चालतो आणि व्हीएममधला बायोस 'बूट करण्याजोगं काही सापडलं नाही' म्हणून हात वर करतो. तेव्हा चाचणीआधी व्हीएमच्या सेटिंग्जमध्ये ईएफआयचा (म्हणजे यूईएफआयचाच) चौकोन खऱ्या मशीनशी जुळवून घ्यावा. तो त्याच पानावर असतो, फ्लॉपीच्या यादीपासून हाकेच्या अंतरावर.