आग टाचेला, बंब पोटरीला

गजर बंद करून पलंगाखाली पाय टेकावा आणि टाचेत कुणीतरी खिळा ठोकावा, असं ज्यांचं होतं त्यांना पुढची गंमतही ठाऊक असते. दहा-पंधरा पावलं लंगडत टाकली की खिळा निघतो. न्हाणीघराकडे जाताना लंगडी, परत येताना चाल सरळ. म्हणून माणूस ते दुखणं विसरतो, थेट दुसऱ्या दिवशीच्या गजरापर्यंत.

तळव्याच्या कातडीखाली एक चिवट पट्टा असतो, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला. धनुष्याला दोरी तसा तो पायाच्या कमानीला. झोपेत पाऊल पुढे झुकलेलं राहतं आणि पट्टा रात्रभर आखडून बसतो. उठल्या उठल्या अख्ख्या शरीराचं वजन त्यावर पडतं आणि ओढ बसते ती त्याच्या टाचेकडच्या मुळाशी. मग आपण टाच चोळतो, टाच शेकतो, टाचेखाली मऊ गादी घालतो. गादीने बरं वाटतं, नाही असं नाही. पण आखडलेला पट्टा आखडलेलाच राहतो, आणि पुष्कळदा त्याच्याही मागे उभी असते आखडलेली पोटरी.

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण चुकीच्या उपायाला लावतो. पायांच्या बाबतीत मात्र बंब सोमेश्वरीच न्यावा लागतो. पोटरीचे स्नायू जाड दोरासारख्या कंडरेने टाचेच्या मागच्या बाजूला जोडलेले असतात. पोटरी आखूड झाली की घोटा पुरेसा वाकत नाही, चालताना टाच लवकर उचलली जाते आणि जादा ताण तळव्याच्या पट्ट्याला सोसावा लागतो. दिवसभर खुर्चीत बसणं किंवा उंच टाचांची सवय, दोन्ही पोटरीला आखूड करतात.

पोटरी ताणायला भिंत पुरते. दोन्ही तळहात भिंतीला टेकवा, एक पाय मागे न्या. मागचा गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली, बोटं सरळ भिंतीकडे. पुढचा गुडघा वाकवत झुका आणि मागच्या पोटरीत ओढ जाणवली की तिथेच 30 सेकंद थांबा. असं तीनदा. मग मागचा गुडघाही थोडा वाकवून तेच करा. आता ओढ खाली, घोट्याकडे उतरते. पोटरीत स्नायूंचे दोन थर आहेत: वरचा गुडघ्याच्या वरून सुरू होतो, आतला गुडघ्याखालून. गुडघा ताठ ठेवून फक्त पहिलाच नीट ताणला जातो, आणि बहुतेकजण तेवढ्यावरच थांबतात. दुसरी चूक म्हणजे मागचं पाऊल बाहेर वळवणं. मग पोटरी सुटते आणि बिचारी कमान चेपली जाते. तिसरी, हिसके देणं. हिसक्याला स्नायू हिसक्यानेच उत्तर देतो, आणखी घट्ट होतो.

सकाळच्या खिळ्यावरचा उपाय मात्र पलंगावर बसल्या बसल्या, पाय टेकायच्या आधी करायचा असतो. दुखरं पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या, पाचही बोटं हाताने नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपला तर कमानीत ताणलेल्या तारेसारखी एक कडा लागते. ती लागली म्हणजे ओढ बरोबर जागी आहे. 10 सेकंद धरा, सोडा, असं 10 वेळा. गुण यायला आठवडे लागतात, कधी महिनेही. चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

दुसरा गुन्हेगार पायातच असतो. जोडा जोखायला एक कागद पुरे. कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं आणि दुसऱ्याकडून पावलाभोवती पेन्सिल उभी धरून रेघ ओढून घ्यायची. स्वतः वाकून काढली तर भार हलतो, रेघ खोटी येते. मग त्या आकृतीवर जोडा ठेवा. चवड्याच्या जागी रेघ जोड्याबाहेर डोकावली तर तेवढा पाय आपण रोज आत कोंबतो आहोत. हे पाहून पुष्कळांना धक्का बसतो. बोटांना बसत नाही, त्यांना ते केव्हाचंच माहीत असतं.

खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन पावलं क्वचितच सारखी असतात. माप मोठ्याचं घ्यायचं. उभं राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी, आणि ते बोट अंगठाच असेल असं नाही. जोडा हातात धरून वाकवला तर तो बोटांच्या सांध्याशी वाकावा. मधोमध दुमडला किंवा ओल्या फडक्यासारखा पिळला गेला, तर परत ठेवा. ‘वापरून सैल होईल’ यावर विश्वास नको. चामडं रुंदीला जरासं सैलावतं, लांबी तेवढीच राहते.

कुरूप ही अशा जोड्याचीच करणी. घासणाऱ्या जागी कातडी बचावासाठी जाड होते. ब्लेडने कापलं तर जखमेचा धोका, आणि जोडा तोच असल्याने कुरूप परत हजर. अंगठ्याचं नख काळं पडतं तेव्हाही दोष नखाचा नसतो. लेस घोट्याशी सैल असली की उतारावर पाऊल पुढे घसरतं आणि नख आपटत राहतं. लेस बांधण्यापूर्वी टाच जमिनीवर ठोकून मागे बसवावी, मग आवळावी. नख मांसात रुततं ते बहुधा कोपरे गोल कापल्याने; सरळ कापावं, फार खोल नाही. चिखल्या होतात बोटांच्या बेचक्यात राहिलेल्या ओलीने. तिथे पंचा फिरवायचा, क्रीम नाही. क्रीम टाचेला. कोरडी कातडी वजनाखाली पसरत नाही, फाटते. म्हणून आंघोळीनंतर लगेच, 10 ते 25 टक्के युरिया असलेलं. वजरी हलक्या हाताने फिरवावी. खसाखसा घासलं की कातडी आणखी जाड होते.

पाय लाल, गरम, सुजलेला असेल, भार देताच येत नसेल किंवा मुंग्या येत असतील, तर भिंतीकडे नाही, डॉक्टरांकडे जायचं.

आणि मधुमेह असेल तर वरचा सगळा हिशेबच उलटतो. तिथे पाय दुखत नाही हीच काळजीची गोष्ट होऊ शकते. संवेदना गेलेल्या तळव्याला जोड्यातला खडा दिवसभर कळत नाही, संध्याकाळी दिसते ती जखम. म्हणून रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून दोन्ही पाय बघायचे, बेचक्यांसकट. कुरुपाची औषधी पट्टी स्वतःहून लावायची नाही, तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने तपासायचं. आणि जोडा घालण्याआधी उलटा करून झटकायचा, मग आत हात घालून शिवण चाचपायची.